काकांचं शुद्ध जेवण

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी एक लहानसा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. तिथं मी नवी डॉक्टर म्हणून आले होते. ते तिथले पशुधन पर्यवेक्षक. कागदावर माझ्या हाताखालचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. नेमणुकीचा कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "म्याडम, सकाळी काय खाल्लंय?"

चहा आणि बिस्किटं, मी म्हटलं.

"म्हंजे काईच न्हाई," असं म्हणून ते आत गेले, आपला डबा घेऊन आले आणि झाकणात मला मोड आलेले हुलगे काढून दिले. वर लिंबू पिळलेलं होतं. मला भूक लागलेलीच होती. मी उभ्या उभ्या ते सगळे संपवले आणि त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. शेळी घेऊन आलेल्या बाईला आधी हे विचारायचं, मग शेळीचं काय ते बघायचं. गावातले लोक त्यांना 'डाक्टर' म्हणत आणि मला 'बारक्या डाक्टरीण बाई'. मी त्यांना काका म्हणू लागले. चार वर्षं मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर लसीची बर्फाची पेटी धरून, गुंजवण्यापासून वरच्या धनगरवाड्यांपर्यंत फिरले. पदवी माझ्याकडे होती आणि विद्या त्यांच्याकडे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

गोठ्याच्या दारात ते हात मागं बांधून उभे राहत. जनावराला लगेच हात लावत नसत. आधी गव्हाणीत काय उरलंय ते बघत, मग शेण बघत, मग जनावर. एकदा गुंजवण्यात एक म्हैस आडवी पडली होती. मी मनातल्या मनात चार-पाच रोगांची नावं घेतली. काकांनी घरातल्या बाईंना विचारलं, काल घरात काही कार्य होतं का? लेकीचा साखरपुडा झाला होता. उरलेला भात आणि जिलेब्या म्हशीपुढं टाकल्या होत्या. तिचं पोट आंबलं होतं, बाकी काही नव्हतं. काकांनी खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, मी वरून सलाईन लावलं, आणि संध्याकाळपर्यंत म्हैस उठली. परत येताना ते म्हणाले की निम्मी दुखणी गव्हाणीत असतात, जनावरांचीही आणि माणसांचीही.

हे ते पुस्तकातून शिकले नव्हते. त्यांचे थोरले भाऊ काकांच्याच गावात, शिवऱ्यात राहत. हायवेच्या कडेला त्यांचं दुकान होतं आणि दिवसभर चहा, फरसाण, वडापाव चालायचा. साखर वाढली, पायाची जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि वर्षाच्या आत ते गेले. त्या वर्षभर जखमेचं ड्रेसिंग काकाच करत होते. तेराव्यानंतर त्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. साखर काठावर होती. त्याच दिवशी चहा बंद झाला. मी आले तोवर त्यांनी साखर जागेवर आणली होती, पोट उतरलं होतं आणि पन्नाशी ओलांडलेला तो माणूस धनगरवाड्याचा चढ न थांबता चढत होता. सगळा तालुका त्यांचं कौतुक करायचा.

मीही करायचे. त्यांच्या सांगण्यावरून मी नाचणीची आंबील प्यायला लागले आणि माझं वर्षानुवर्षांचं पित्त गेलं. फोनवर आईलाही मी त्यांचेच दाखले द्यायचे. जवळच्या हायस्कुलात त्यांचं आहारावर व्याख्यान ठेवायची कल्पना माझीच. त्यांनी टेबलावर एक बिस्किटाचा पुडा ठेवला, त्यामागची बारीक अक्षरातली यादी मुलींकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि विचारलं, यातलं तुमच्या घरात काय काय पिकतं? वर्ग हसला. शिक्षक तर वहीत लिहून घेत होते. शेवटी टाळ्या पडल्या त्यात माझ्याही होत्या. आज मी पुष्कळदा विचार करते की त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्यात थोडी तहानही होती का? मला तेव्हा दिसली नाही.

त्यानंतर दूध सुटलं. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "परवा त्या गाईची कास सुजली व्हती. आपन इंजेक्शन दिलं. मालकाला बजावून सांगितलं, पाच दिवस दूद डेरीला घालू नगंस. त्यानं काय केलं आसंल, म्याडम?"

मला माहीत होतं त्यानं काय केलं असेल.

या माणसाचं हेच मला सगळ्यात चमत्कारिक वाटत आलंय. त्यांचं एकही कारण खोटं नव्हतं. शिवऱ्यात त्यांचा पुतण्याच टोमॅटोवर तोडणीच्या आदल्या दिवशी फवारा मारायचा, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून टोमॅटो गेला, मग बाजारची सगळीच भाजी गेली. पॉलिशचा तांदूळ गेला. पिशवीतलं तेल गेलं, मग घाण्यावरचं तेलही गेलं, कारण शेंगदाणा कुठला कोण जाणे. गहू गेला. अॅल्युमिनियमची भांडी घराबाहेर गेली. मोबाईलवर रोज कुणीतरी नवं काही सांगत असे आणि काका ते आपल्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टींना जोडून घेत. एकेक पायरी घेतली तर ती बरोबर होती. एवढ्या बरोबर पायऱ्या उतरून माणूस विहिरीच्या तळाशी कसा पोहोचतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

उपासतापास आपल्याकडे सगळेच करतात. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार सगळं करायच्या. पण उपास सुटतो. त्याची वेळ ठरलेली असते, आणि सोडताना गोडधोड करतात. काकांचं जे चाललं होतं ते सुटायला कुठली तिथीच नव्हती.

घरामागं परड्यात त्यांनी स्वतःची वेगळी चूल मांडली. पहाटे उठून स्वतःच्या हातानं मातीच्या भांड्यात स्वतःपुरतं शिजवायचे. वरच्या वाडीतून आणलेली नाचणी, स्वतः लावलेला पाला, हुलगे. प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा. मोजणी बोटांच्या पेरांवर. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. मोजणी चुकली तर घास पहिल्यापासून. दवाखान्यात आम्ही दुपारी एकत्र जेवायचो. सुरुवातीला ते डब्याचं झाकण पुढं करत, 'घ्या की' म्हणत. मग एकदा झाकण पुढं आलं नाही. मग ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त प्रश्न पडला. ज्या माणसानं पहिल्या दिवशी मला भरवलं, त्याला आता माझ्या पोळीचा वासही का नकोसा व्हावा?

एका रविवारी मी शिवऱ्याला त्यांच्या घरी गेले. काकींच्या हाताला चव होती. तांदळाच्या भाकरी त्या इतक्या पातळ थापायच्या की आरपार उजेड दिसावा. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवायला बसलो आणि काका बाहेर परड्यात आपल्या मडक्यापाशी. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. काकी म्हणाल्या की त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि आताशा त्यांना एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, कधीकधी चहा-चपातीवर दिवस काढतात.

"भांडले असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "भांडत न्हाईत. नुसतं म्हनतात, तुजं तू खा."

त्यांची एकुलती एक मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा काकांना झालेला आनंद मी बघितला आहे. वाटेत भेटेल त्याला सांगत होते. लसीकरणाच्या रजिस्टरात लिहायचे तसल्या सुबक अक्षरात त्यांनी मुलीच्या जेवणाचा तक्ता केला आणि स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला. चहा नाही, साखर नाही, दूध नाही, गहू नाही, बाजारचं फळ नाही. मुलीचा स्वभाव बापावर गेलेला, शांत. तिनं पंधरा दिवस सगळं ऐकलं. नसरापूरला तपासणीला गेली तेव्हा वजन वाढायच्या ऐवजी अर्धा किलो उतरलं होतं आणि रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. काकांनी गोळी हातात घेऊन तिचा लाल रंग बघितला आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं. त्याऐवजी पाल्याचा रस सुरू केला.

काकींनी मग आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापासून काही लपवलं. पोरीला शेजारच्या घरी नेऊन त्या दूध पाजायच्या, अंडं उकडून द्यायच्या, गोळ्या द्यायच्या. आठ-दहा दिवस हे चाललं आणि एके दुपारी काका अवचित लवकर घरी आले. पुढचं मला मुलीनंच नंतर सांगितलं. ते ओरडले नाहीत. दारात उभे राहिले, तिच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "माज्या नातवंडाला तुमी दोगी मिळून इख घालताय."

मुलीनं पेला खाली ठेवला आणि नवऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरी झालं. पोरीला माहेरी खायला मिळालं नाही, असं गावात बोललं गेलं. काकींनी बाहेर जाणं सोडलं. काका मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर दवाखान्यात आले आणि दिवसभर शेळ्यांना लस टोचत राहिले. मी विषय काढला तेव्हा म्हणाले की तिला पुढं कळेल.

मुलगी झाली. बारीक होती, पण ठणठणीत. बारशाला मला आमंत्रण होतं. काका आपली पाण्याची बाटली घेऊन आले होते. व्याह्यांनी फार आग्रह केला नाही, त्यांना सगळं कळलेलंच होतं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. काकांच्या हातावरही कुणीतरी मूठभर ठेवल्या. बारशाच्या घुगऱ्या नाकारायच्या नसतात. काकांनी त्या घेतल्या आणि मूठ मिटली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी मूठ दोनदा तोंडापर्यंत नेली. दोन्ही वेळा ती हनुवटीपाशी थांबली आणि परत खाली आली. कपाळावर घाम आला होता. अर्ध्या तासानं आम्ही निघालो तेव्हा बाहेर तुळशीपाशी त्यांनी मूठ उघडली. हरभरे तळव्याला चिकटले होते.

तोपर्यंत मी समजत होते की हा माणूस खात नाही. त्या दिवशी मला कळलं की त्याला खाता येत नाही.

पण कळून मी केलं काय? काही नाही. दोनदा म्हटलं की काका, एकदा तपासून घ्या. ते हसले. साखर बघा माझी, म्हणाले, बीपी बघा. दोन्ही उत्तम होतं. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवी भोकं पाडली होती. भर मे महिन्यात स्वेटर घालून मोटारसायकल चालवत. पूर्वी एका दमात चढायचे तो चढ आता तीनदा बसून चढत, आणि बसलं की झाडाचं पान खुडून त्याच्याबद्दल मला काहीतरी सांगत, म्हणजे बसायला कारण मिळे.

पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचायला आम्ही वरच्या एका धनगरवाड्यावर गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईकडे वीसेक म्हशी होत्या. काकांचा तिच्यावर जीव. तिच्या म्हशी बघून ते नेहमी म्हणत की जनावर कसं ठेवावं ते हिच्याकडून शिका. लस संपली. बाईनं काकांना जवळून न्याहाळलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि म्हणाली, "डाक्टर, रागवू नका. ह्ये जनावर माज्या दावणीला आसतं, तर तुमी मला लई शिव्या घातल्या आसत्या."

काका हसले. मला हसू आलं नाही. ते खाली वाकून लसीची पेटी उचलायला गेले आणि तसेच पुढं कोसळले.

भान पाच मिनिटांत आलं, पण नाडी इतकी सावकाश चालली होती की मी दोनदा घड्याळ बघितलं. बाईनं ताकाची वाटी ओठाला लावली तर त्यांनी मान फिरवली. कुठल्या म्हशीचं, तिला काही टोचलं होतं का, असं विचारलं. ती म्हैस तासाभरापूर्वी त्यांनीच तपासली होती. बाई वाटी घेऊन तशीच बसून राहिली. वाडीतल्या दोघांनी त्यांना घोंगडीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणलं. तिथून दुधाच्या टेम्पोतून आम्ही नसरापूरला आलो.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रक्तातले क्षार घसरले होते, हृदयाचे ठोके संथ झाले होते, अंगात मांस उरलं नव्हतं. आज सलाईन लावायलाच हवं होतं, आणि पेशंट हात देत नव्हता. मी आत गेले. काका खाटेवर पडून होते आणि दोन्ही हात चादरीखाली घट्ट धरले होते. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या तोंडावर येत होतं. काकी अजून शिवऱ्याहून पोचायच्या होत्या.

"म्याडम, तुमी सांगा. त्या बाटलीत काय हाय?"

"मीठ, साखर आणि पाणी. आणि पोटॅशियम घालणार आहेत."

"साकर," ते म्हणाले.

"काका, आपण इतक्या गाईंना सलाईन लावलं. एकदा तरी विचारलं त्यांना?"

"जनावराला कसलं इचारायचं."

"विचारलं असतं तरी त्या नको म्हणाल्या नसत्या."

त्यांनी उन्हापासून तोंड फिरवलं. मग छताकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, मला भ्या वाटतं."

कशाचं, मी विचारलं.

"समद्याचंच. भाकरीचं बी. घास उचलला की दादाचा पाय दिसतो. ड्रेसिंग म्या करायचो ना. वास यायचा." थोडं थांबून म्हणाले, "मला वाटलं व्हतं, चांगलं खाल्लं की भ्या जाईल. एक वस्तू सोडली की आठ दिस बरं वाटायचं. मग परत यायचं. मग दुसरी सोडायचो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला जे सांगितलं होतं त्यात हे एकच नवीन होतं. मी खाटेच्या कडेला बसले आणि चादरीवर हात पसरून ठेवला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग चादर हलली आणि त्यांनी आपला हात बाहेर काढला. शीर मीच शोधली. नर्सला सापडत नव्हती.

पुढचे दोन महिने पुण्याच्या फेऱ्या झाल्या. तिथं एक मनाच्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या जोडीला आहार बघणाऱ्या दुसऱ्या एक बाई. मी काकींबरोबर दोन-तीनदा गेले. मला जे विचारायचं होतं ते मी विचारून घेतलं. ह्या दुखण्याला इंग्रजीत ऑर्थोरेक्सिया म्हणतात, पण तो स्वतंत्र आजार धरायचा की नाही यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही, असं मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग हद्द कुठं ओळखायची, मी म्हटलं. मीही नाचणी खाते, मीही पुड्यामागची यादी वाचते.

त्या म्हणाल्या, "काय खाता ते मी शेवटी विचारते. आधी विचारते की तुम्ही कुणाबरोबर जेवता, आणि ठरलेलं मिळालं नाही तर तुमच्या दिवसाचं काय होतं."

मी बसमध्ये नसरापूरपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत आले. हद्द कधी ओलांडली गेली ती तारीख मी मनात शोधत होते. दूध सोडलं तेव्हा? खुर्ची भिंतीकडे फिरवली तेव्हा? आणि व्याख्यानाला टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा त्यात वाटा किती? दारू पिणाऱ्याला कुणीतरी हटकतं. ह्यांना सगळे शाबासकी देत होते.

सुधारणा सरळ झाली नाही. आठवड्याला एक वस्तू परत घ्यायची आणि ती काकींच्या हातची, असा नियम ठरला. स्वयंपाक चालू असताना काकांनी आत डोकवायचं नाही. पहिली वस्तू भात. तो खाऊन त्यांना दोन तास परड्यात फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या महिन्यात परड्यातली चूल पुन्हा पेटली आणि काकींनी रडत मला फोन केला. मग परत पुणे. मुलीची त्यांनी माफी मागितली, तीही पत्र लिहून, कारण तोंडानं जमेना. तिनं पत्राला उत्तर दिलं नाही. चार महिन्यांनी आपल्या लेकीला कडेवर घेऊन आली आणि आठ दिवस राहिली. तक्त्याचा कागद काकांनी तिच्या येण्याआधीच काढला होता. भिंतीवर डिंकाचे चार डाग तेवढे राहिले होते.

दरम्यान माझी बदली झाली. काका निवृत्त झाले. यंदा सुगीच्या दिवसांत मी साताऱ्याकडे जाताना शिवऱ्याला उतरले. अंगात मांस आलं होतं, केस पार पांढरे झाले होते. नवीन भाताची पोती ओसरीवर रचली होती. ते मला गोठा दाखवत होते तेव्हा मी विचारलं, भीती गेली का हो?

"न्हाई," ते म्हणाले. "सकाळी जरा जास्ती आसती. पुन्याच्या डाक्टरीण बाई म्हनल्या, तिला घालवायच्या नादी लागू नका, जेवायची वेळ चुकवू नका. तेवडं करतो." आणि मग गाईच्या पाठीवरून हात फिरवत ते तिच्या वेताबद्दल बोलायला लागले.

जेवायला आम्ही तिघं एकत्र बसलो. काकींनी घेवड्याची आमटी, भात आणि ठेचा केला होता. काका सावकाश जेवत होते. चाळीस मोजत नव्हते, पण घाईही नव्हती. पहिला घास घेण्याआधी ते क्षणभर ताटाकडे बघत थांबले. काकींनी आणि मी बोलणं चालूच ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं नाही. मग त्यांनी भात कालवला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "आमटी अळनी झालीया."

काकींचा हात ताटातच थांबला. तेल कुठलं, घेवडा कुणाच्या शेतातला, भांडं कसलं, यातलं काही नव्हतं. ज्याच्या तोंडाला चव कळते असा कुठलाही नवरा कुठल्याही घरात करतो तसली ती तक्रार होती. त्या उठल्या आणि मीठ आणायला आत गेल्या.

बराच वेळ झाला तरी त्या बाहेर आल्या नाहीत. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "एवडा उशीर लागतोय व्हय मिठाला?"

मी म्हटलं, "सापडत नसेल. तुम्ही जेवा."

आणि ते जेवत राहिले.